शेतीच्या विजेसाठी सौर प्रकल्प: आमच्या शिवारातील प्रस्तावाचे परीक्षण

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० अंतर्गत सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील आमच्या गावालगतच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राजवळ ५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव सध्या ग्रामसभेपुढे आहे. एका मेगावॉटला चार ते पाच एकर जागा लागते, त्या हिशेबाने साधारण पंचवीस एकर जमीन भाडेपट्ट्याने हवी आहे आणि काही खातेदारांनी सातबारा उतारे देऊनही टाकले आहेत. कोणत्याही सेवेचे परीक्षण ती वापरून झाल्यावर करायचे असते. परंतु ही सेवा एकदा घेतली की पंचवीस वर्षे परत करता येत नाही, म्हणून तिचे परीक्षण आधीच केलेले बरे. आमच्या घरची जमीन या पंचवीस एकरांत नाही, मात्र आमच्या विहिरीवरील मोटार याच उपकेंद्राच्या शेती वाहिनीवर (फीडरवर) चालते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

माझे मत आधीच सांगतो. प्रस्ताव घेण्याजोगा आहे. पारावर मात्र त्याची चर्चा चालते ती भाड्याच्या रकमेवरून, आणि ते भाडे फार तर पाच-सहा घरांत जाणार आहे. दिवसाची वीज त्या वाहिनीवरील प्रत्येक मोटारीला मिळणार आहे आणि गावाचा खरा लाभ तोच आहे. तो पदरात पडण्यासाठी काय काय जागेवर असावे लागते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करताना दिसत नाही.

योजना नवी नाही. ती २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतील वाहिनी सौरीकरणाच्या घटकाशी ती जोडली गेली. या दुसऱ्या आवृत्तीतील राज्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात, धोंदलगाव येथे, ३ मेगावॉट क्षमतेचा सुरू झाला. कल्पना साधी आहे: शेतीची वाहिनी ज्या उपकेंद्रातून निघते त्याच्याजवळच अर्धा ते पंचवीस मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा, खासगी विकासकाने तो स्वखर्चाने बांधायचा आणि महावितरणने त्याची वीज पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने घ्यायची. हा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. दूरच्या औष्णिक केंद्रातून आणलेली वीज शेताच्या बांधापर्यंत पोहोचेतो याच्या दुपटीहून महाग होते, आणि शेतीला ती स्वस्तात किंवा फुकट देण्यासाठी लागणारा पैसा सरकारी अनुदानातून व उद्योगांच्या वीजबिलातून उभा राहतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे यंत्रमाग चालवणाऱ्याला आमच्या शिवारातील पॅनेलशी काय देणेघेणे, असे वाटेल. पण शेतीची वीज स्वस्तात तयार झाली तर त्याच्या बिलावरील भार हलका होण्यास वाव आहे, एवढा संबंध निश्चित आहे.

आमच्या जिल्ह्याला विजेची टंचाई म्हणावी तर तसेही नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडी परिसरात एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे; त्याचा पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये चालू झाला. कोळसा रेल्वेने लांबून येतो, पाणी उजनीचे लागते, आणि तयार झालेली वीज राष्ट्रीय जाळ्यात जाते. त्या चिमण्यांचे दिवे रात्री ज्या गावांतून दिसतात, त्याच गावांतील शेतकरी रात्रीच्या लाईटची वाट पाहत बसलेला असतो. जवळ वीजकेंद्र असणे आणि आपल्या डीपीवर, म्हणजे शिवारातील रोहित्रावर, वेळेवर वीज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला पुरते ठाऊक आहे. प्रस्तावित प्रकल्पाचे वेगळेपण एवढेच की त्याची वीज प्रथम आमच्याच वाहिनीवर खर्च होणार आहे.

रात्रीच्या विजेविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण शहरातील वाचकाला हा केवळ गैरसोयीचा प्रश्न वाटतो. शेतीच्या वाहिन्यांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते. मार्गशीर्षाच्या थंडीत रात्रीचा फेरा आला की स्टार्टरला बसवलेल्या ऑटोवर मोटार आपोआप सुरू होते आणि घरातील एक माणूस डोक्याला बॅटरी बांधून, पायात गमबूट चढवून दारे धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, निघतो. उसाच्या सरीच्या तोंडाशी फावडे मारताना पाचटात पडलेली दोरी आहे की घोणस, हे त्या हातभर उजेडात कळत नाही. ज्याला जाणे होत नाही तो मोटार ऑटोवर सोडून झोपतो. मध्यरात्री एखादी सरी फुटते आणि सकाळपर्यंत पाणी ओढ्याला वाहत राहते. ज्या घरातील पुरुष पुण्याला कामाला आहे आणि शेती बाई पाहते, त्या घरात रात्रीचा फेरा म्हणजे दुप्पट मजुरी देऊन माणूस शोधणे, किंवा पिकाचे एक पाणी चुकवणे. दिवसा सलग आठ तास वीज मिळाली तर यातील बहुतेक त्रास एका झटक्यात संपतो. भाड्याचा एक रुपयाही गावाला मिळणार नसता, तरी केवळ एवढ्यासाठी मी या प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला असता.

सोलापूरच्या पीकपद्धतीशी ही वीज चांगली जुळते, ही बाब योजनेच्या माहितीपत्रकात ठळकपणे यायला हवी होती. आमचा जिल्हा मुळात रब्बीचा. पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा सप्टेंबरात परतीचा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे सौर उत्पादन घटते, पण त्या काळात विहिरींवरील मोटारीही फारशा चालत नाहीत. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आभाळ निरभ्र असते आणि नेमके तेव्हाच ज्वारी, हरभरा, गहू, द्राक्षे, ऊस या सगळ्यांना पाणी हवे असते. उन्हाळ्याविषयी मात्र एक गैरसमज काढून टाकावा लागेल. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी कमी होते. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४२-४३ अंश असतात, तेव्हा काचेखालील सौरघट ६५ अंशांपर्यंत तापतो आणि बारा ते सोळा टक्के वीज तिथेच जाते. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सोलापूरचे ऊन त्याला दोन्ही देते. तरीही वर्षाचा हिशेब केला तर एका मेगावॉटमागे पंधरा ते सतरा लाख युनिट मिळतात, म्हणजे या प्रकल्पातून पाऊणशे ते पंच्याऐंशी लाख युनिट.

आता या सेवेत काय मिळत नाही ते पाहू, कारण गावात सर्वाधिक गोंधळ इथेच आहे. ही वीज शेतीच्या वाहिनीसाठी आहे. गावठाणाची वाहिनी वेगळी असते, त्यामुळे घरातील दिवे, पिठाची गिरणी, पिण्याच्या पाण्याच्या योजनेचा पंप यांच्या बिलात या प्रकल्पामुळे काही फरक पडणार नाही. घराच्या बिलासाठी पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात तीन किलोवॉटच्या छतावरील संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तो स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र विषय. शेतीपंपाच्या बिलाचे म्हणाल, तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून पाच वर्षांसाठी राज्य सरकारने वीजबिल माफ केलेलेच आहे, तेव्हा 'सोलर आला की बिल शून्य' हे वाक्य प्रकल्पाच्या खात्यावर जमा करण्यात अर्थ नाही. लाभ बिलाचा नसून वेळेचा आणि दाबाचा आहे.

दाबाचा म्हणजे व्होल्टेजचा. दूरवरून येणारी वीज वाहिनीच्या शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत तिचा दाब पडतो, मोटार गुरगुरते, जास्त करंट खेचते आणि वाइंडिंग जळते. मोहोळच्या कोणत्याही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात उन्हाळ्यात रांगेने ठेवलेल्या मोटारी पाहाव्यात. वीज जवळच तयार झाली की तारांतील गळती कमी होते आणि टोकाचा दाब सुधारतो. मात्र प्रकल्प उपकेंद्रापर्यंत वीज आणून देतो, आणि त्यापुढील तारा, खांब, डीपी जुनेच राहतात. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच अश्वशक्तीच्या साधारण डझनभर मोटारी नीट चालाव्यात. प्रत्यक्षात किती चालतात ते ज्याने त्याने आपापल्या डीपीवर जाऊन मोजावे. रात्री सगळेच उठत नसल्यामुळे भार काहीसा विखुरलेला असतो. सकाळी नऊ वाजता लाईट आली आणि सगळ्यांनी एकाच वेळी स्टार्टर दाबले, तर दिवसाच्या विजेच्या पहिल्याच आठवड्यात डीपी जळू शकतो. म्हणून उपकेंद्राखालील जादा भाराच्या डीपींची क्षमता प्रकल्प सुरू होण्याआधी वाढवली जावी, हा ठराव भाडेपट्ट्याच्या ठरावाइतकाच आवश्यक आहे. प्रत्येक मोटारीला तिचा करंट कमी करणारा कपॅसिटर बसवणे तर आपल्याच हातात आहे आणि त्याचा खर्चही किरकोळ आहे.

आणखी एक गोष्ट ग्रामसभेत स्पष्ट सांगितली पाहिजे. या प्रकल्पात बॅटरी नाही, आणि जाळ्यातील वीज गेली की पॅनेलची वीज जाळ्याजोगी करणारे प्रकल्पाचे इन्व्हर्टर आपोआप बंद होतात. ती सुरक्षेची व्यवस्था आहे. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाचा प्रश्न असतो. त्यामुळे वळवाच्या वादळात उपकेंद्राकडे येणारी ३३ केव्हीची तार तुटली, तर शेजारी पंचवीस एकर पॅनेल लखलखत असूनही मोटार चालणार नाही. उलट ढगाळ दिवशी प्रकल्पाची वीज कमी पडली तर उरलेली जाळ्यातून येते, ही जमेची बाजू. हे आधी कळले नाही, तर पहिल्याच वादळानंतर लोक प्रकल्पाच्या फाटकावर जाऊन चौकीदाराशी भांडतील.

प्रस्ताव कागदावर वाचून समाधान होईना, म्हणून जिल्ह्यातच दुसऱ्या तालुक्यात चालू असलेला एक प्रकल्प पाहून आलो. दुपारची वेळ होती. इन्व्हर्टरच्या पंख्यांची घरघर सोडली तर आवाज नाही, धूर नाही, शेजारच्या रानात बाया हरभरा खुरपत होत्या. लांबून सगळे निळे आणि स्वच्छ दिसत होते. जवळ जाऊन खालच्या ओळीतील काचेवर बोट फिरवले, तर बोट काळे झाले. गाळप हंगाम चालू होता आणि साखर कारखान्याच्या चिमणीतून उडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडांची, राख वाऱ्याबरोबर येऊन काचेवर बसली होती. पहाटेच्या दवाने ती राख भिजून खाली ओघळते आणि चौकटीच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीचा पट्टा वाळून घट्ट होतो. पट्टा दिसायला लहान असतो, पण तो सौरघटांची सगळ्यात खालची ओळ झाकतो, आणि घट एकमेकांना साखळीने जोडलेले असल्याने त्याच्या आकाराच्या मानाने नुकसान पुष्कळ मोठे होते. काही काचांवर पांढरे डागही होते. ते बोअरच्या जड पाण्याने धुतल्यामुळे बसलेले क्षार होते आणि ते पुसून जात नव्हते.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत हे सांगायची गरज नाही, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडेही येणारच. पाच मेगावॉटला दहा हजारांच्या आसपास पॅनेल लागतात. एका पॅनेलला दोन-तीन लिटर पाणी धरले तरी एका धुण्याला वीस ते तीस हजार लिटर, म्हणजे दोन-तीन टँकर, आणि तेही क्षार नसलेले. मार्च-एप्रिलमध्ये ज्या गावाच्या विहिरी तळ गाठतात, तिथे हे पाणी कोठून आणणार, याचे उत्तर प्रस्तावात नाही. कोरड्या ब्रशने साफ करणारी यंत्रे मिळतात, मोठ्या प्रकल्पांत ती वापरलीही जातात. उन्हाळ्यात गावाच्या हद्दीतील बोअरचे पाणी पॅनेल धुण्यासाठी उपसणार नाही, असे विकासकाकडून लिहून घ्यावे. पॅनेल घाण राहिले तर तोटा विकासकाचा आहे, हे खरे. पण उत्पादन घटले की शेवटी वाहिनीवरील शेतकऱ्यालाही त्याची झळ लागते.

भाड्याचा हिशेब आता मांडतो. योजनेत वार्षिक भाडे हेक्टरी १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी ५०,००० रुपये, किंवा जमिनीच्या शासकीय मूल्यांकनाच्या ६ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते आहे. त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. गावात अनेकांनी ही वाढ चक्रवाढ धरून आकडे मांडले आहेत. प्रत्यक्षात ती पहिल्या वर्षाच्या भाड्यावर सरळ पद्धतीने आहे. म्हणजे दरवर्षी एकरी १,५०० रुपये वाढणार, दहाव्या वर्षी भाडे ६३,५०० होणार आणि पंचविसाव्या वर्षी ८६,०००. चक्रवाढ असती तर शेवटच्या वर्षी एक लाखाच्या वर गेले असते. पंचवीस वर्षांची बेरीज सरळ वाढीने एकरी १७ लाख होते, चक्रवाढीने सव्वाअठरा लाखांच्या जवळ गेली असती. महागाई दरवर्षी पाच टक्के धरली तर पंचविसाव्या वर्षीच्या ८६,००० रुपयांची किंमत आजच्या सत्तावीस हजारांच्याही आत येते. मिळकत वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण नातवाच्या शिक्षणाची सोय याच भाड्यात बसवणाऱ्यांनी हा आकडा पाहून घ्यावा.

मुरमाड, बरड, कोरडवाहू जमीन असेल तर हे भाडे उत्तमच आहे. ज्या रानात पाऊस झाला तर एक ज्वारीचे पीक आणि नाही झाला तर कडबाही नाही, त्या रानाला एकरी पन्नास हजार खंड कोणी देत नाही. सांगोला आणि आसपासच्या तालुक्यांत मर रोगाने आणि खोडकिडीने डाळिंबाच्या बागाच्या बागा काढाव्या लागल्या; अशी मोकळी पडलेली रानेही भाड्याने जाण्यासारखी आहेत. विहिरीवर बारमाही पाणी असलेली काळी जमीन मात्र या भावात देऊ नये. चांगल्या वर्षी द्राक्षाचा किंवा डाळिंबाचा एक एकर याच्या कितीतरी पट देतो, वाईट वर्षी कर्ज देतो, हेही तितकेच खरे. तो निर्णय ज्याच्या त्याच्या धीराचा आहे. शिवाय काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, त्यामुळे खांबांची पायाभरणीही तिथे खोल आणि खर्चीक होते. विकासकालाही मुरमाड रानच सोयीचे पडते.

जमीन भाड्याने गेली की मालकाला भाडे मिळते, पण त्या जमिनीवर वाट्याने कसणारा वाटेकरी आणि खुरपणी-काढणीला जाणाऱ्या बाया यांच्या हातात काही राहत नाही. बांधकामाच्या काही महिन्यांत मजुरी मिळते. नंतर पाच मेगावॉटच्या प्रकल्पावर चौकीदार, गवत काढणारे, पॅनेल पुसणारे आणि एखादा तंत्रज्ञ, अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे लागतात. 'गावातील तरुणांना रोजगार' हे वाक्य प्रस्तावात आहे, संख्या नाही. ही मोजकी कामे आधी त्या पंचवीस एकरांवर राबणाऱ्या घरांना आणि तालुक्यातील आयटीआय झालेल्या मुलामुलींना द्यावीत, अशी अट घालता येईल आणि ती मान्य करण्यात विकासकाला काही जड जाणार नाही. पॅनेलखालचे गवत कापण्याऐवजी चारण्याचा मार्गही आहे. पॅनेलची खालची कड जमिनीपासून मीटरभर उंच ठेवली तर मेंढ्या खालून सहज चरतात. शेळ्या मात्र सोडू नयेत, त्या वर चढतात आणि वायरी चघळतात.

मेंढ्यांचा विषय निघालाच आहे, तर जागेबद्दल. गावातील काहींचे म्हणणे असे की खासगी जमीन कशाला, गायरानाचा माळ 'पडीक' आहे तो द्यावा. हा माळ पडीक नाही. धनगर कुटुंबांची मेंढरे तिथे चरतात, लांडगा आणि काळवीट तिथे दिसतात. याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ पासून माळढोकासाठी अभयारण्य आहे आणि तो पक्षी आज जवळपास नाहीसा झाला आहे. उघड्या माळरानावरील विजेच्या तारा त्याला समोरून नीट दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळतो, या कारणावरून राजस्थान व गुजरातमधील तारांबाबत २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता. ज्या सात-आठ गटांचे उतारे आले आहेत तेच बरे, माळाला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्या गटांतही एक अडचण मी बांधावर उभा राहून पाहिली. प्रस्तावित कुंपणाच्या आखणीतून जुनी पाणंद जाते, पलीकडच्या वस्तीवरील मुले तिने शाळेत येतात आणि ऊस याच वाटेने डांबरीवर येतो. नकाशावर ती नाही, कारण वहिवाट आहे. त्याच रानातून पावसाळ्यात एक लहान ओहोळ वाहतो. पंचवीस एकर काचेवरचे पाणी एकदम खाली येणार, ते काढून द्यायला चर नसेल तर खालच्या शेतकऱ्याचा बांध पहिल्याच मोठ्या पावसात जाईल. तहसील कार्यालयात नंतर हेलपाटे घालण्यापेक्षा कुंपणाचे खांब पडण्याआधी पाणंद आणि चर या दोन्ही गोष्टी नकाशावर आखून घेणे सोपे. सोलरमुळे पाऊस कमी होतो, अशीही एक कुजबुज गावात आहे. तिला काहीही आधार नाही.

ग्रामपंचायतीला या योजनेत वर्षाला ५ लाख रुपये, असे तीन वर्षांत १५ लाख रुपये प्रोत्साहन म्हणून मिळतात. ज्यांच्याकडे जमीनही नाही आणि मोटारही नाही, त्यांचा या प्रकल्पातील हिस्सा हाच, म्हणून तो कमानीवर आणि पेव्हर ब्लॉकवर जाऊ नये. शाळा आणि पाणीपुरवठ्याचा पंप यांवर छतावरील सौर संच बसवला तर ग्रामपंचायतीचे दरमहाचे बिल कायमचे कमी होईल आणि ज्या गावठाणाला प्रकल्पाची वीज मिळत नाही त्यालाही सूर्याचा काही उपयोग होईल.

दिवसाच्या विजेची एक बाजू गैरसोयीची आहे आणि शेतकरी म्हणून ती मीच लिहिलेली बरी. वीज फुकट, दाब चांगला आणि वेळ सोयीची झाली की उपसा वाढतो. आमच्या भागात बोअर आधीच पाचशे-सहाशे फुटांच्या खाली गेले आहेत. रात्री फुटणाऱ्या सऱ्यांचे पाणी वाचेल, पण ते वाचलेले पाणी उसाचा आणखी एक एकर वाढवण्यात गेले तर भूजलाचा हिशेब बिघडेल. ऊस ठिबकवर घेण्याची सक्ती सरकारने केली नाही तरी पाणी वापरणाऱ्यांनी आपसात काही ठरवावे लागेल, आणि तेवढी एकी आमच्या वाहिनीवर आहे असे छातीठोकपणे सांगवत नाही.

शेवटी कागदपत्रे. अर्ज थेट ऑनलाइन करता येतो आणि त्याला मध्यस्थ लागत नाही; तरी 'तुमची जमीन सोलरला बसवून देतो' म्हणत एकरी टोकन मागणारा एक इसम आमच्या दारापर्यंत येऊन गेला, त्याला चहा पाजून परत पाठवले. सामायिक सातबारा असेल तर बहिणींसह सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागतील, तेव्हा घरातील वाटपाचे वाद आधी मिटवावेत. त्या गटावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो काय होणार, आणि पट्टा चालू असेतो पीककर्जाला तो गट वापरता येणार नाही, याची जाणीव ठेवावी. भाडे कोण भरणार, कोणत्या तारखेला भरणार, उशीर झाला तर व्याज किती, आणि विकासकाने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर जबाबदारी कोणाची, हे पट्ट्यात अक्षरी आणि आकडी असावे. तोंडी आश्वासने देणारा माणूस पंचवीस वर्षे त्याच नोकरीत राहत नाही.

मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न तर कोणी काढतच नाही. जुने पॅनेल आता ई-कचरा मानले जातात. २०२२ च्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत त्यांचा समावेश झालेला आहे, त्यामुळे फुटलेल्या काचा बांधावर टाकून निघून जाता येणार नाही. जमिनीतील खांब, काँक्रीट आणि केबल यांची जबाबदारी मात्र करारानेच बांधावी लागेल. रान पूर्ववत करून देण्यासाठी ठरावीक रक्कम अनामत म्हणून पहिल्याच वर्षी बँकेत ठेवावी, असे कलम हवे. जमिनीत सहा फूट गेलेला लोखंडी खांब उपटून रान पुन्हा नांगराला लावायला काय खर्च येतो, हे ज्यांनी जुन्या द्राक्षबागेचे अँगल काढले आहेत त्यांना विचारावे; ती रक्कम आकड्यात लिहून घेतल्याशिवाय मी माझ्या भावकीतील कोणालाही पट्ट्यावर सही करायला सांगणार नाही.